वर्गाला एक बाई कमी पडली

माझ्या आईला ‘अ’ मी शिकवला. एवढंच वाक्य सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी ते कुठल्या समारंभात वापरत नाही. कारण पुढचं वाक्य असं, की तो ‘अ’ तिला त्याआधी तीस वर्षं चांगला येत होता. ती सिन्नरच्या शाळेत सातवीपर्यंत पहिल्या नंबराने शिकलेली, आणि मी तो शिकवला त्या महिन्यात तिने आमच्या गल्लीच्या वाचनालयातल्या निदान आठ कादंबऱ्या संपवल्या होत्या. तरीही मी फळ्यावर ‘अ’ काढला, पट्टीने दाखवला आणि म्हटलं, “मंदाबाई, म्हणा, अ.” ती बाई पदर तोंडाला लावून “अ” म्हणाली. पोटच्या पोरीला असं पाठीशी घालणारी आई देव कुणाला न देवो, असं मला आता वाटतं.

आम्ही पंचवटीत राहायचो. दोन खोल्या आणि पुढे ओटा. दादा, म्हणजे माझे वडील, मखमलाबादच्या बाजूला झेंडू आणि शेवंती पिकवायचे. सकाळी ते टोपल्या आणून ओट्यावर ओतायचे आणि आई हार ओवायला बसायची. मांडीवर फुलं, आणि समोर पाटावर उघडं पुस्तक, पान उडू नये म्हणून त्यावर दोऱ्याचं रीळ. बोटं आपलं काम करायची, डोळे आपलं. देवळांच्या घंटा, भाजीच्या हातगाड्या, रिक्षांचे हॉर्न, कशाकशाने तिचं लक्ष हलायचं नाही. दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ती हाताने ‘थांब’ म्हणायची आणि परिच्छेद संपवूनच वर बघायची. हुलग्याची शेंगोळी ती फार सुरेख करायची, पण पुस्तक रंगात आलं असेल तर ती हमखास तळाला लागायची. दादा पहिला घास घ्यायचे, जरा थांबायचे आणि विचारायचे, “कितवं प्रकरण?” आई म्हणायची, “खा गुमान. शेवटचं राहिलंय.” हे भांडण आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं.

वाचनालय गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. खाली पट्टा फिरायला लागला की वर कपाटांच्या काचा थरथरायच्या, आणि सगळ्या पुस्तकांवर बारा महिने पिठाचा हलका थर असायचा. कार्यवाह, ग्रंथपाल आणि झाडणारे, सगळं एकच माणूस होतं. ते नाना. पोस्टातून निवृत्त झालेले, नाकावर चष्मा, हातात शिक्का. आईने परत केलेलं पुस्तक नाना उघडून न बघता ओळखायचे; पानांच्या कोपऱ्यांना झेंडू लागलेला असायचा. “मंदाबाई, या कादंबरीला आता हळद लागली, हिचं लग्न लावून टाका,” असं म्हणून ते शिक्का मारायचे आणि पुढचं पुस्तक काढून द्यायचे. ह्या नानांनीच मला गोत्यात आणलं.

झालं असं, की साक्षरतेची मोहीम आली. गल्लोगल्ली भिंती रंगल्या, फेऱ्या निघाल्या, आणि आमच्या वाचनालयाकडे बायकांचा एक वर्ग आला. शिकवायला स्वयंसेविका हवी, तर नानांनी मला धरलं. मी अकरावीला, सतरा वर्षांची, आणि जगाचं कल्याण करायला एका पायावर तयार. शिवाय शेवटी प्रमाणपत्र मिळणार होतं. अट एकच. एका वर्गाला दहा निरक्षर पाहिजेत. मी वही घेऊन घरोघर हिंडले. आठ बाया मिळाल्या. त्यांतल्या निम्म्या दुपारी दीड तास घरातून सुटका होते म्हणून येत होत्या. नववी, गयाबाई, पलीकडच्या भाजीवाल्यांच्या वस्तीतून स्वतः चालत आली. दहावी काही केल्या मिळेना. शेजारच्या गल्लीतल्या वर्गावरचे मास्तर बायांना आल्या आल्या चिवडा द्यायचे, आणि आमच्या हक्काच्या दोन अंगठेबहाद्दर बाया त्यांनी चिवड्यावर पळवल्या. मी घरी येऊन रडले. दादा म्हणाले, “पाणी मिळत नाही असं ऐकलं होतं, रॉकेल मिळत नाही असं ऐकलं होतं. निरक्षर मिळत नाही हे पहिल्यांदाच ऐकतोय.” नाना म्हणाले, “अगं, यादीत नाव घालायचंय नुसतं. घरात आई आहे ना?” आणि मी दहाव्या ओळीवर आईचं नाव लिहिलं. तिच्या नावापुढे अंगठा हवा होता. आईने तो दिला आणि म्हणाली, “शाई निघंल ना गं? हार ओवायचेत.”

नुसत्या नावाने भागलं नाही. तपासणीला माणसं न सांगता यायची, त्यामुळे दहाही जणींना रोज बसणं भाग होतं. आई फुलांची परडी घेऊन मागच्या रांगेत बसू लागली, आणि तिच्या शेजारी गयाबाई. मी तिला मावशी म्हणायचे. पन्नाशीची, काटक, हातांना कायम मेथीचा वास. पहिल्याच दिवशी तिने कपाटांकडे बोट दाखवून मला विचारलं, “ए पोरी, ही पुस्तकं कुनाला बी नेता येत्यात का?”

“सभासदाला नेता येतात, मावशी.”

“मंग सभासद कर मला.”

“अर्जावर सही लागते. अंगठा चालत नाही.”

“मंग सही शिकव. बाकीचं ऱ्हाऊ दे.” मग तिने कारणही सांगितलं, सगळ्या वर्गासमोर, काही आडपडदा न ठेवता. “माझी सून धावी पास हाय. दुपारची पुस्तक घिऊन बसती आन् मधीच एकटीच हासती. म्या इचारलं, काय झालं गं? तर म्हनती, तुमाला नाय कळायचं, आत्या. आता एकदा म्या तिच्यापुढं पुस्तक घिऊन बसनार हाय आन् हासनार हाय. ती इचारल काय झालं. म्या सांगनार नाय.” बाया हसून हसून लोळल्या. शिक्षणाचा याहून प्रामाणिक हेतू मला पुढच्या सगळ्या नोकरीत कुणी सांगितलेला नाही.

पण पहिल्या पंधरा दिवसांतच गयामावशी कंटाळली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं डोक्यात घोळ घालायला लागलं. “माझं डोस्कं म्हंजी दगुड हाय, उद्यापासून येत नाय,” असं ती म्हणाली, आणि त्याच दिवशी तिची नजर आईच्या वहीवर गेली. आता आईचं अक्षर मोत्यासारखं. तपासणीवाल्याने पाहिलं तर पंचाईत, म्हणून ती बाई वर्गात डाव्या हाताने लिहायची, आणि डाव्या हाताचा तिचा ‘ग’ खरंच केविलवाणा असायचा. गयामावशीला तिची दया आली. “अगं मंदे, तू तर माझ्याहून बी ढ हायेस की गं! डावरी हायेस म्हनून जमत नाय तुला. आन हिकडं हात. ढिला सोड, ढिला. पेन्शील हाय ती, खुरपं नाय.” आणि तिने आईचा हात हातात धरून ‘ग’ काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधी हजर. तिसऱ्या दिवशी आईसाठी मेथीची जुडी घेऊन आली, डोक्याला चांगली असते म्हणून. रोज घरून धडा घोकून यायची, कारण तो मंदीला शिकवायचा असायचा. मी तिला जेवढं शिकवलं त्याच्या दुप्पट ती आईला शिकवता शिकवता शिकली. बाकीच्या आठ जणी आमच्याच गल्लीतल्या. आई काय चीज आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या पदराआड हसायच्या, पण बोलायच्या नाहीत. सगळ्यांना ठाऊक, एक गयामावशी सोडून.

मला ते टोचायला लागलं तेव्हा मी आईला म्हटलं, “तू आजारी आहेस असं सांगते. सोड आता वर्ग.” आई देठ खुडत होती. “मी सोडला तर तीही सोडंल,” ती म्हणाली. “कुणीतरी मागे आहे म्हणून ती पुढे चालतीय. तिची सही होऊ दे, कार्ड होऊ दे, मग बघू.” मला ते पटलं. मुख्य म्हणजे दहाचे नऊ झाले असते तर माझं प्रमाणपत्र गेलं असतं, त्यामुळे फारच पटलं.

चार महिन्यांनी परीक्षा. वरून साहेब येणार म्हणून नानांनी जिन्यापर्यंत रांगोळी काढून घेतली, पोहे केले, खालची गिरणी तासभर बंद ठेवायला लावली. साहेब आले, सफारी घातलेले, घाईतले. मी शिकवणीचं पुस्तक पुढे केलं तर त्यांनी ते बाजूला सारलं. “हे धडे बायकांना पाठ असतात. मी फसत नसतो,” असं म्हणून त्यांनी स्वतः उठून कपाटातून एक कादंबरी ओढली आणि मधेच उघडली. “आणि मी यादी नेहमी शेवटून सुरू करतो.” शेवटचं नाव आईचं.

आमचं ठरलं होतं, आईने अडखळत दोन ओळी वाचायच्या आणि बसायचं. तिने पुस्तक हातात घेतलं. “ती... उं... ब... उंबऱ्या...” छान जमलं होतं. पण साहेबांच्या हाताला नेमकी ती कादंबरी लागली होती जी आईने तीनदा वाचली होती, आणि तीनही वेळा त्या पानावर रडली होती. तिसऱ्या ओळीला आई विसरली. परीक्षा विसरली, साहेब विसरली, मला तर साफ विसरली. तिचा आवाज मोकळा झाला, नायिकेचं वाक्य नायिकेच्या आवाजात, सासऱ्याचं सासऱ्याच्या. खाली गिरणी बंद, खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पान संपलं तेव्हा तिने बोट ओलं करून ते उलटलं आणि पुढे वाचू लागली. साहेब “पुरे” म्हणाले ते तिला ऐकूच आलं नाही.

मी डोळे मिटून घेतले. आता चोरी पकडली गेली, नानांचं वाचनालय बदनाम झालं, माझी अकरावी गेली, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. उघडले तर साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. “चार महिन्यांत? अहो, हे नवल आहे!” नानांना घाम फुटला होता. ते कसेबसे म्हणाले, “सगळी या पोरीची मेहनत.” मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला.

मग नववं नाव. साहेबांनी तेच पुस्तक गयामावशीच्या हातात दिलं. बारीक टाईप. तिने चिंधीने पुसून घ्यावं तसं पान तळहाताने पुसलं, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि श्वास घेतला. “पा...व...लं. पावलं. ज...ड. जड.” घाम आला होता तिला. “झा...ली. झाली. हो...ती. होती.” साहेबांनी एव्हाना पेनाला टोपण लावलं होतं. “छान, छान. बसा मावशी. तुमचंही होईल हळूहळू,” ते म्हणाले आणि नानांना विचारू लागले की या मंदाबाईंचा फोटो कुठे काढता येईल. बाकीच्या आठ जणींना न वाचताच पास केलं. गयामावशी बोट तिथेच ठेवून किती तरी वेळ उभी होती. चार महिन्यांपूर्वी जिला काही येत नव्हतं त्या बाईने, कधी न पाहिलेल्या पुस्तकातले चार शब्द, चारही बरोबर वाचले होते. त्या खोलीतलं खरं नवल ते होतं. हे मला तेव्हा कळलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मी तेव्हा साहेबांकडेच बघत होते.

जिन्यात तिने आईला गाठलं. “मंदे, तुला येत व्हतं.”

आई परडीतली फुलं सारखी करू लागली.

“म्या तुझा हात धरून ‘ग’ काढला.” मग तिने मागून उतरणाऱ्या बायांकडे पाहिलं. “तुमाला समद्यास्नी म्हाईत व्हतं?” बाया आपापल्या चपला शोधायला लागल्या. गयामावशीने मान हलवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. “म्हंजी चार महिने म्या एकटीच शिकत व्हते. मला वाटलं, आपुन दोघी शिकतोय.” वही तिने पायरीवर ठेवली आणि निघून गेली.

आठवड्याने पेपरात आईचा फोटो आला, वर मथळा की चार महिन्यांपूर्वी अंगठा आणि आज कादंबरी. दादांनी तो चष्मा लावून वाचला. “लग्नाआधी तू मला लिहिलेली दोन पत्रं आहेत ट्रंकेत,” ते म्हणाले, “ती आता जाळायला पाहिजेत. पुरावा आहे तो.” आई हसली नाही. तिने त्या दिवसांत पुस्तकाला हात लावला नाही. पाटावर नुसतं रीळ असायचं. आठ दिवस घरात काही करपलं नाही, आणि मला तीच काळजी वाटायला लागली.

मग बुधवारी आई गंगेवरच्या बाजारात गेली. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी बरोबर होते. गयामावशी गोणपाटावर भाजी मांडून बसली होती. आई जाऊन त्या गोणपाटाच्या कोपऱ्यावर बसली आणि कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला लागली. मावशीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या बुधवारी तेच. तिसऱ्या बुधवारी मावशी म्हणाली, “घरी फुलं नायत का तुझ्या?”

“आहेत.”

“मंग जा की घरला.”

“चुकलं माझं, गयाबाई,” आई म्हणाली. “तू वर्ग सोडशील म्हणून मी गप बसले, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मला आवडत होतं. माझा हात धरून कुणी कधी शिकवलं नव्हतं मला. शाळेत पहिला नंबर होता, मास्तर माझ्याकडे बघायचेच नाहीत. तू शिकवायचीस ते संपूच नये असं वाटायचं.” आणि ती भर बाजारात, लोकांच्या पिशव्यांच्या मधोमध, रडली. मलाही रडू आलं. मावशीला नाही आलं. तिने दोन गिऱ्हाइकं केली, मेथीच्या जुड्या नीट लावल्या आणि माझ्याकडे वळून विचारलं, “तो अर्जाचा कागूद कुठं मिळतो?”

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या खिडकीशी रांग होती. नानांनी मावशीला पाहिलं आणि हाताच्या सवयीने शाईच्या पॅडची डबी उघडली. तिने ती टक्कन बंद केली. मग सही. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, प्रत्येक अक्षर दाबून, कागद फाटेल असं. मागे एक कॉलेजातला पोरगा खोकला तर आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो रांग सोडून गेला. नानांनी मान वर न करता अर्जावर शिक्का मारला. यादी त्यांच्याच सहीने वर गेली होती. त्यांनी विचारलं, “कुठलं पुस्तक देऊ?”

“त्या दिवसाचं ते,” मावशी म्हणाली. “चार शब्द झालं आन् सायबानं बसवलं. फुडं काय झालं ते बघायचंय.”

ते पुस्तक तिने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, आमच्या ओट्यावर, मोठ्याने, भाजी विकून झाल्यावर. आईसाठी अट एकच: तोंड उघडायचं नाही. गयामावशी एकेक शब्द खणून काढायची, आणि आई शेजारी हार ओवत ऐकायची. मावशी चुकली की आईचा दोरा थांबायचा, ओठ हलायचे, पण शब्द बाहेर यायचा नाही. एकदाच, फक्त एकदा, तिने न राहवून एक शब्द सांगितला. मावशीने पुस्तक मिटलं, घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. तेव्हा ती साठाव्या पानावर होती. नाना दर पंधरा दिवसांनी मुकाट्याने तारखेचा शिक्का मारायचे. पुस्तकातली तारखांची पट्टी भरली तेव्हा त्यांनी खाली दुसरी चिकटवली. सुनेपुढे ती हसली का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं, हे तर तिने आधीच जाहीर केलं होतं. मी पुढे शिक्षिका झाले. ते प्रमाणपत्र अजून फायलीत आहे, नोकरीच्या मुलाखतीत त्याचा उपयोगही झाला. पोरगं अडखळलं की तीन सेकंदांत मी शब्द सांगून मोकळी होते. इतक्या वर्षांत मला ते तोंड बंद ठेवणं जमलेलं नाही. आईला जमलं. जी बाई दोन दिवसांत एक कादंबरी संपवायची, ती एकाच कादंबरीवर, पुढचं सगळं आधीच पाठ असताना, दीड वर्ष बसली.

ते दीड वर्ष संपत आलं त्या दिवाळीत मी घरी होते. ओट्यावर शेवंतीचा ढीग, आणि पुस्तकाचं शेवटचं पान. मावशीने त्यावर बोट ठेवलं, आणि काढलं. चष्मा पुसला. पुन्हा ठेवलं. शब्द काही अवघड नव्हते. मग तिने पुस्तक फुलांवरून पलीकडे आईच्या पुढ्यात सरकवलं.

“आता तू वाच,” ती म्हणाली. “जमंल तसं.”

आईने हात लुगड्याला पुसले, पुस्तक उचललं आणि पहिल्याच शब्दाला अडखळली.